मुंबईचं पोर, मुक्काम हार्टलपूल

नवी मुंबईतल्या घणसोली गावात परदेशी गेलेल्या माणसाची चौकशी करण्याची ठरलेली रीत आहे. आधी पगार. मग घर भाड्याचं की स्वतःचं. मग तिकडे सुकट मिळते का. आणि शेवटी, कपातला चहा संपता संपता, आवाज जरा खाली आणून, "परत येनार हाय कं नाय?" या चार प्रश्नांतून आजवर कोणी सुटलेलं नाही. दुबईत क्रेन चालवणारा सुटला नाही, न्यू जर्सीत संगणकाचं काहीतरी करणारा सुटला नाही. एका रविवारी या प्रश्नांच्या तडाख्यात एक लाकडी जहाज सापडलं.

झालं असं की माझी पुतणी इंग्लंडात मिडल्सबरोला नर्स आहे. घरात तिला अजून बायच म्हणतात, आणि तिच्या हाताखाली आता आठ-दहा गोऱ्या बाया आहेत हे म्हाताऱ्यांना सांगून पटत नाही. सुट्टीच्या दिवशी ती आणि जावई जवळच्या हार्टलपूल गावी फिरायला गेले. तिथल्या जुन्या गोदीत एक तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज तरंगतं, एचएमएस त्रिंकोमाली. पाटीवर वाचून बायने तडक व्हिडिओ कॉल लावला, कारण पाटीवर लिहिलं होतं की हे जहाज मुंबईत बांधलेलं आहे. 1817 साली.

कॉल आला तेव्हा आमच्याकडे चहाची वेळ होती, म्हणजे माणसं जमलेलीच होती. दादाने फोन टीव्हीला जोडला. आमच्या गावठाणातल्या घराला खिडक्या भरपूर आहेत, पण प्रत्येक खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याचं स्वयंपाकघर. खाडी गावाला लागून आहे, पण मधे सेक्टर आले, सेक्टरांत टॉवर आले, टॉवरांमागे खारफुटी उरली आणि तिच्यामागे कुठेतरी पाणी. तेव्हा खाडीकाठच्या त्या घरात बऱ्याच वर्षांनी पाणी दिसलं ते टीव्हीवर, हार्टलपूलचं.

पहिली पाच मिनिटं "आवाज येतो का" यात गेली. पुढची पाच जावयाने आकाश दाखवण्यात घालवली. जावयाचं म्हणणं, डोलकाठी दाखवतोय. ती संपतच नव्हती, हे मात्र खरं.

"जल्लं, येवरं उंच!" थोरले काका खुर्चीत पुढे सरकले. काकांनी उभी हयात खाडीत होडी मारली आहे. जिताडा कुठल्या भरतीला कुठल्या खाजणात शिरतो हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि फायबरच्या होड्या आल्यापासून ते होडी या विषयावर बोलायचे बंद झाले आहेत. "शीर कुठं हाय शीर?" शीड म्हणजे काकांच्या तोंडी शीर.

बायने सांगितलं की शिडं लावलेली नाहीत, जहाज आता म्युझियम आहे.

"मग चालतं कशावर?"

"चालत नाही काका. उभं असतं."

काका मागे सरकले. त्यांच्या लेखी विषय जवळजवळ संपला होता. चालत्या होडीचं कौतुक करायचं असतं, उभी होडी दुरुस्तीला आलेली असते.

मग मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. मास्तर म्हणजे शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक. घणसोली हे स्वातंत्र्यसैनिकांचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि मास्तरांचे वडील मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. त्यामुळे कोणत्याही इंग्रजी वस्तूचं कौतुक गावात आधी मास्तरांच्या टेबलावरून मंजूर व्हावं लागतं. त्यांनी मोबाइल काढला, चष्मा कपाळावर नेला आणि उलटतपासणी सुरू केली.

"1857 साली हे जहाज कुठे होतं?"

खोलीत शांतता. प्रश्न रास्त होता. सत्तावन्नच्या साली इंग्रजांच्या लढाऊ जहाजाने काय केलं, यावर पुढचा चहा अवलंबून होता. बायने गाइडला विचारलं. गाइड म्हणजे जुन्या आरमारी पोशाखातला एक हसरा म्हातारा. त्याने सांगितलं, जहाज 1852 पासून पॅसिफिक महासागरात होतं आणि 1857 मध्ये तिथून घरी परतलं. म्हणजे उठावाच्या काळात ते हिंदुस्थानाच्या आसपासही नव्हतं. मास्तरांनी मोबाइलवर खात्री केली, चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढे दाखव." एखाद्या जहाजाला आरोपातून इतकं स्वच्छ सुटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बायने गाइडला आपण मुंबईच्या असं सांगून टाकलं होतं. घणसोलीचं कोण समजावत बसणार? तो म्हातारा हरखला. म्हणाला, म्हणजे तुम्ही आणि हे जहाज एकाच गावचे! तुम्हाला ती गोदी माहीत असेलच. बायने मान हलवली. परदेशात राहून ही एक कला प्रत्येकाला येते.

इकडे मास्तरांचा आक्षेप आलाच. मुंबई वेगळी, नवी मुंबई वेगळी. महापालिका वेगळी, पाणीपट्टी वेगळी. मग त्यांनी सालं जुळवली आणि स्वतःच चकित झाले. जहाजाचा कणा बसवला 1816 मध्ये. तेव्हा खाडीच्या आपल्या बाजूला, उत्तर कोकणात, पेशव्यांचा अंमल. जून 1817 मध्ये पुण्याचा तह झाला आणि उत्तर कोकण कंपनीकडे गेलं. जहाज पाण्यात उतरलं 12 ऑक्टोबरला. "म्हणजे एक जहाज बांधून होईस्तोवर आपला मालक बदलला," मास्तर म्हणाले. यावर माझ्या भाच्याने, जो जमिनीच्या व्यवहारात आहे, मान डोलावली. "प्रोजेक्ट रखडला की असंच होतं."

गोदीचं सांगायचं तर ती अजून आहे. फोर्टात, शहीद भगतसिंग रस्त्यावरच्या लायन गेटच्या आत, नौदलाच्या ताब्यात. त्या दारासमोरून रोज हजारो लोक घामाघूम होऊन जातात आणि आत काय आहे याची कुणालाही उत्सुकता नसते, आणि असली तरी पहारेकरी ती पुरवणार नाही. इथे बांधलेलं जहाज बघायला इंग्लंडचा व्हिसा मिळतो तरी. ज्या गोदीत ते बांधलं तिच्यासाठी तुमच्या-आमच्याकडे कुठला अर्जच नाही.

त्या काळी या गोदीचा कारभार वाडियांकडे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या या पारशी घराण्याने जहाजं बांधली. त्रिंकोमाली बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. याच गोदीतल्या कॉर्नवॉलिस जहाजावर 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. याच गोदीतलं एशिया 1827 च्या नावारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचं मुख्य जहाज होतं. मुंबईच्या सागवानावर बसून जगभर इतक्या उलाढाली झाल्या आणि आपल्या पाठ्यपुस्तकात वाडिया म्हटलं की रुग्णालय तेवढं आठवतं.

"पन हिकरं कशाला बांधाला आला गोरा? त्याकरं लाकूर नाय?" काकांनी विचारलं. लाकूड हा शब्द आल्यापासून ते पुन्हा पुढे सरकले होते.

नेमका प्रश्न. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडचा ओक टंचाईला आला होता. आपल्याकडे मलबारचा साग. सागात तेल असतं, त्यामुळे लाकूड सडत नाही, कीड सहसा लागत नाही, आणि आत ठोकलेलं लोखंडही ओकमध्ये गंजतं तसं गंजत नाही. हे बायने पाटीवरून वाचून दाखवलं. काकांनी असा चेहरा केला की दोनशे वर्षं संशोधन करून हेच शोधलंत का. साग म्हणजे साग, हे त्यांच्या बापाने सांगितलं होतं, पाटी न लावता.

बांधकामाआधीची गंमत वेगळीच. जहाजाचे नकाशे लंडनहून मुंबईला निघाले ते जावा नावाच्या जहाजावरून. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, डिसेंबर 1812 मध्ये, अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजाने जावाला गाठलं, झोडपलं आणि जाळलं. नकाशे गेले. मग इंग्लंडातून दुसरी प्रत पाठवावी लागली. हे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. त्याच्या एका घराच्या नकाशाची फाइल एका कार्यालयात गेली काही वर्षं सापडत नाही, आणि तिथे कुणी तोफा डागल्याचंही ऐकिवात नाही. दुसऱ्या प्रतीची सोय मात्र 1813 सालच्या आरमाराकडे होती, आणि तीही अर्जदाराला हेलपाटे न घालायला लावता.

यातली खरी मौज अशी की ते कॉन्स्टिट्यूशन अजून बॉस्टनच्या बंदरात तरंगतंय. ज्याने त्रिंकोमालीचे नकाशे बुडवले ते जगातलं सर्वांत जुनं तरंगतं लढाऊ जहाज, आणि त्या नकाशांच्या दुसऱ्या प्रतीवरून बांधलं गेलं ते ब्रिटनचं सर्वांत जुनं तरंगतं. नेल्सनचं व्हिक्टरी या दोघांहून जुनं, पण ते पोर्ट्समथला कोरड्या गोदीत ठेवलेलं, म्हणून तरंगण्याच्या हिशेबातून बाद. दोन म्हातारे वैरी अटलांटिकच्या दोन बाजूंना बसून एकमेकांची तब्येत विचारत असावेत.

आता पगाराचा प्रश्न. बांधायला खर्च आला 23,000 पौंड. भाच्याने लगेच क्षेत्रफळ काढलं: तोफांचा मजला दीडशे फूट लांब, रुंदी चाळीस फूट, म्हणजे सहा हजार चौरस फूट कार्पेट, एका मजल्याला. जहाजाला टोकं असतात हे त्याने विक्रीच्या सवयीने सोडून दिलं. मग जावयाने फोन खालच्या मजल्यावर नेला. छत इतकं खाली की जावई वाकला, फोन वाकला, टीव्हीपुढे बसलेली आमची आत्याही वाकली. तीनशेच्या आसपास खलाशी इथे राहायचे. झोपायला कापडी झोळ्या, छताला टांगलेल्या, आणि माणशी जागा नियमाप्रमाणे 14 इंच.

"14 इंच?" भाचा म्हणाला. "तरी साडेआठच्या ठाणे लोकलपेक्षा बरं. तिथे झोळी टांगायलाही जागा नाही."

वहिनीने मात्र वेगळाच मुद्दा काढला. तीनशे पुरुषांचा स्वयंपाक कोण करायचं? बायने चूल दाखवली, मोठी लोखंडी. वहिनीने ती निरखून पाहिली आणि विचारलं, भांडी कोण घासायचं? गाइडलाही हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. तो बराच वेळ हसला आणि मग तोफांकडे वळला.

कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता, हे समजल्यावर खोलीतलं वातावरण एकदम बदललं. पारशी रिवाजाप्रमाणे कणा बसवताना चांदीचा खिळा मारायचा, म्हणजे जहाजाला बरकत येते. आत्याने तत्काळ विचारलं, खिळा किती तोळ्याचा? चांदीचा आजचा भाव घरात तिलाच माहीत असतो. मास्तर म्हणाले, त्यात धर्मभावना आहे. आत्या म्हणाली, भावना हाय ती हाय, पन वजन किती? काका मात्र गंभीर होते. होडीचं पहिलं लाकूड बसवताना काहीतरी द्यावंच लागतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. नारळी पुनवेला समुद्राला नारळ देणाऱ्या माणसाला चांदीचा खिळा जरा महाग वाटतो, चुकीचा वाटत नाही.

पुढची हकिकत मला सगळ्यात जवळची वाटली, कारण ती आपल्याकडच्या कुठल्याही हुशार पोराची आहे. शिकून तयार झालं, बोट पकडली, विलायतेला निघालं. वाटेत सेंट हेलेनाला थांबलं आणि तिथे नेपोलियनवर उपचार केलेला जॉन स्टोको नावाचा डॉक्टर चढला. म्हणजे प्रवासात ओळखी चांगल्या झाल्या. एप्रिल 1819 मध्ये पोर्ट्समथला पोहोचलं. आणि पाहतं तर काय, ज्या लढाईसाठी भरती होती ती लढाई संपलेली. नेपोलियन 1815 लाच हरला होता. नोकरी पक्की, पण काम नाही. आयटीतल्या मुलांच्या भाषेत सांगायचं तर जहाज 1845 पर्यंत बेंचवर होतं. 26 वर्षं! मग त्याला नवीन कौशल्यं शिकवली: पाठीमागचा भाग बदलला, तोफा कमी करून मोठ्या बसवल्या, हुद्दा बदलला आणि 1847 मध्ये पहिलं खरं काम मिळालं. अमेरिकेकडे फेऱ्या, मग पॅसिफिक. मोठी लढाई नशिबात आली नाही. मास्तरांनी याचीही नोंद घेतली, जहाजाच्या बाजूने.

1861 पासून शिकाऊ खलाशांचं मास्तर. 1897 मध्ये भंगारात विकलं गेलं. तिथून कॉब नावाच्या एका गृहस्थाने ते सोडवलं. त्याचं आधीचं फूद्रॉयां नावाचं जहाज, नेल्सनचं, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं होतं. त्याने तेच नाव या जहाजाला लावून टाकलं. मुंबईत जन्म, श्रीलंकेतल्या बंदराचं नाव, आणि म्हातारपणी फ्रेंच आडनाव! कागदपत्रांचा असा गोंधळ आमच्या गावठाणात संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडांच्या वारसनोंदीतच पाहायला मिळतो. 1986 पर्यंत त्यावर मुलं शिकली, 1987 मध्ये ते हार्टलपूलला आलं, 1992 मध्ये मूळ नाव परत मिळालं आणि 2001 पर्यंत डागडुजी चालली. अर्ध्याहून जास्त लाकूड अजून मूळचं, म्हणजे आपलं.

"तर मग घर स्वतःचं हाय," आत्याने निकाल दिला.

मास्तरांना एवढ्यावर राहवेना. 2024 च्या नोव्हेंबरअखेर इटलीचं अमेरिगो वेस्पुची हे शिडाचं जहाज मुंबई बंदरात आलं होतं, ते त्यांनी पाहिलेलं. त्याचं वर्णन त्यांनी आम्हाला पुन्हा ऐकवलं: तीन डोलकाठ्या, शंभर मीटर लांबी, काळे-पांढरे पट्टे. काकांनी एकच विचारलं, लाकडाचं का? मास्तर म्हणाले, डेक सागवानी, अंग पोलादी. काकांनी हात झटकला. मग मास्तरांनी आपल्या नौदलाचं कौंडिण्य काढलं. अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून बांधलेलं, फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं आणि शिडांवर मस्कतपर्यंत गेलं. काका विचारात पडले.

"शिवलेलं? मंग उसवत नाय?"

हा प्रश्न नौदलानेही स्वतःला विचारला असणार, फक्त इतक्या थोडक्यात नाही.

तेवढ्यात जावई जहाजाच्या नाळेकडे पोहोचला आणि टीव्हीवर एक चेहरा आला. जहाजाच्या अगदी पुढे, पाण्यावर झुकलेला, लाकडी, रंगवलेला. डोक्याला पांढरं पागोटं, ओठांवर मिशा. खोलीतले सगळे एकदम सावरून बसले. आत्याने पदर डोक्यावर घेतला. कोण म्हणायचे हे? दादाला वाटलं वाडिया शेठ. भाच्याला वाटलं गिऱ्हाईक. मास्तर म्हणाले, जहाजाच्या नावावरून केलेला पूर्वेकडच्या माणसाचा पुतळा. काकांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, कोनी का असंना, दोनशे वर्षं सगळ्यांच्या आदी पान्यात हाय. नाखवा हाय तो.

नाखवा ही पदवी काका सहसा कुणाला देत नाहीत. बत्तीस अश्वशक्तीचं इंजिन बसवलेल्या सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी ती अजून दिलेली नाही.

मग त्यांनी एक मागणी केली. बायने फळीवर टकटक करायची, त्यांना आवाज ऐकायचा होता. लाकूड आत पोकळ झालंय की भरीव आहे, हे आवाजावरून कळतं. बायने इकडेतिकडे पाहून हळूच ठोकलं. टीव्हीवर काहीच आलं नाही. पुन्हा ठोकलं. पुन्हा शांतता. भाच्याने खुलासा केला, फोन बोलणं तेवढं ठेवतो आणि मागचा खडखडाट गाळून टाकतो. काका चिडले. "जल्ला, मना खरखराटच आयकाचाय!"

हा सगळा प्रकार गाइड पाहत होता. बायने घाबरत घाबरत सांगितलं की घरी एक वयस्क नावाडी आहेत, त्यांना लाकूड तपासायचं आहे. म्हातारा गंभीर झाला. त्याने आपली टोपी नीट केली, बायला फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करायला सांगितलं, आणि स्वतः बोटांच्या पेरांनी तीन ठिकाणी, अंतर ठेवून, ठोकलं. ती फाइल आली. दादाने टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला. ठक. ठक. ठक.

काकांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, "तिसऱ्या जागी वल हाय. बगून घे म्हनावं." बायने निरोप दिला. गाइडने तो वहीत लिहून घेतला.

कॉल संपल्यावर भाच्याने त्या पागोटंवाल्याचा फोटो उचलला, खाली "त्रिंकोमाली, जन्म मुंबई 1817" असं लिहिलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं: भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली धडाधड हात जोडलेले. एकाने लिहिलं, फार दिलदार माणूस होता. दादा एकेकाला समजावत होता की जहाज आहे आणि अजून तरंगतंय, तोवर कुणीतरी विचारलंही होतं, दहावं कुठल्या घाटावर.